आधी नवतपा, मग निविदा

प्रति,
नागपुरातील वीज, खनिज, संशोधन आणि अग्निसुरक्षा संस्थांचे प्रमुख यांस,

विषय: वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांची निविदा काढण्याआधी त्या नागपूरच्या उन्हात तपासून बघण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

माझी नोकरी उपकेंद्रात गेली, आणि त्यातली बरीचशी बॅटरी रूममध्ये. बाहेरच्या माणसाला उपकेंद्र म्हटले की ट्रान्सफॉर्मर आणि तारा दिसतात. आत एका कोपऱ्यात, आम्लाने खाल्लेल्या फरशीवर, लाकडी स्टँडवर दोन-दोन व्होल्टचे सेल ओळीने मांडलेले असतात, हे सहसा कोणाला ठाऊक नसते. एकशेदहा व्होल्टसाठी पंचावन्न सेल, दोनशेवीससाठी एकशेदहा. सगळीकडे अंधार झाला तरी वीज तोडणारे ब्रेकर उघडायला आणि दोष ओळखणारे रिले जागे ठेवायला लागणारी वीज या सेलांतून येते. ती मिळाली नाही तर एका फीडरवरचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या एका वाहिनीवरचा, दोष अख्खे उपकेंद्र खाऊन टाकतो.

रोज सकाळी पायलट सेलचे (सगळ्या संचाचा नमुना म्हणून नेमलेल्या सेलचे) व्होल्टेज घ्यायचे, हायड्रोमीटरने द्रावणाची घनता बघायची, थर्मामीटर बुडवायचा, पातळी उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टर्मिनलवर पांढरे-हिरवे फूल धरले असेल तर पुसून जेली लावायची. एक्झॉस्ट फॅन बंद दिसला तर आधी तो चालू करायचा आणि मगच बाकी काम, कारण चार्जिंगला लागलेले सेल हायड्रोजन सोडतात आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. सत्तावीस अंशांना १.२०० हे प्रमाण रीडिंग. आम्ही त्याला ‘बाराशे’ म्हणायचो. पण मे महिन्यात त्या खोलीत सत्तावीस अंश कुठले? पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, हायड्रोमीटर कमी दाखवणार, आणि मग दर अंशाला ०.०००७ ची दुरुस्ती करून वहीत आकडा लिहायचा.

माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच उन्हाळ्यात सांगितले होते: तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्लाच्या सेलचे आयुष्य निम्मे धर. मला तेव्हा ते अतिशयोक्तीचे वाटले. पुढे कागदावर पंधरा वर्षांची हमी असलेला संच आठव्या-नवव्या वर्षी दम सोडताना पाहिला, तेव्हा पटले. कंपनीचा कागद पंचवीस किंवा सत्तावीस अंशांवर लिहिलेला असतो आणि सेल नागपुरात राहतो.

आज हे पत्र लिहायचे कारण असे की बॅटरी आता त्या खोलीतून बाहेर पडली आहे. ती एकरांत मोजायची वेळ आली आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीच्या फीडरना दिवसा सौर वीज मिळू लागली, ही फार चांगली गोष्ट झाली. रात्री दोन वाजता विंचूकाट्यात मोटार सुरू करायला जाणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पण सूर्य मावळतो तेव्हा नागपूर गार होत नाही. भिंती रात्री अकरापर्यंत दिवसभराची आग बाहेर टाकत राहतात, घरोघरी कूलर आणि आता एसी मध्यरात्रीपर्यंत चालतात. दुपारी उतू जाणारी वीज संध्याकाळी सातनंतर हवी असेल तर ती साठवावी लागणार. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यात २०३१-३२ पर्यंत देशाला बॅटऱ्यांतून २३६ गिगावॉट-तास साठवण लागेल असे धरले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनीच असाही सल्ला दिला की सौर प्रकल्पांच्या नव्या निविदांत क्षमतेच्या किमान दहा टक्के इतकी, दोन तासांची साठवण जागेवरच असावी. महाराष्ट्रातही बॅटरी साठवणुकीच्या निविदा निघत आहेत.

(ज्यांना मेगावॉट आणि मेगावॉट-तास यांत गोंधळ होतो त्यांच्यासाठी: कूलरचा पंप पाणी किती जोरात चढवतो ते मेगावॉट, आणि खालच्या टाकीत पाणी किती मावते ते मेगावॉट-तास. पंप मोठा आणि टाकी लहान असेल तर वाळा लवकर कोरडा पडतो.)

साठवणुकीला माझा विरोध नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्यांच्या सावलीत आयुष्य काढलेल्या माणसाला दिवसाचे ऊन रात्री वापरता येणे म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायला नको. काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. जवळजवळ प्रत्येक निविदेत बॅटरी म्हणजे लिथियम-आयन हे गृहीत धरले जाते, आणि ती नवतपात, म्हणजे मे-अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, कशी वागेल हे आपल्या मातीत कोणी उघडपणे तपासून दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

लिथियम-आयन पेटते कशी, ते मी घराजवळ पाहिले आहे. मानकापूरच्या बाजूला एका इमारतीत जिन्याखाली कोणीतरी दुचाकीची बॅटरी काढून चार्जिंगला लावली होती. आधी कुकरच्या शिट्टीसारखा फुस्स आवाज आला, मग पांढरा धूर, आणि लोक ‘शॉर्टसर्किट झालं’ म्हणून मेन स्विचकडे धावेपर्यंत ज्वाळा पहिल्या मजल्याच्या कठड्याला लागल्या. आम्ही वाळूच्या बादल्या ओतल्या. आग विझली. लोक चहा प्यायला बसले आणि पाऊण तासाने ती वाळूखालून पुन्हा पेटली. एवढ्या वर्षांत मी आम्ल सांडलेले पाहिले, सेल फुटलेला पाहिला, पण विझवल्यावर स्वतःहून पुन्हा पेटणारी बॅटरी पहिल्यांदाच पाहिली.

त्यामागचे कारण सेलच्या रचनेत आहे. आतले द्रावण पाण्याचे नसते, पेट घेणाऱ्या सेंद्रिय द्रवाचे असते. दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो आणि त्यातले पॉलिएथिलीन साधारण १३० अंशांना वितळते. एखादा सेल बिघाडाने किंवा अतिचार्जने तापला की आतल्या अभिक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात, पडदा जातो, आतल्या आत शॉर्ट होतो, आणि निकेल-कोबाल्टच्या जातीत तर इलेक्ट्रोडमधून ऑक्सिजनही सुटतो. म्हणजे इंधन, उष्णता आणि प्राणवायू तिन्ही एकाच डबीत. शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. द्रावणातल्या क्षारापासून हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू तयार होतो, तो वेगळाच.

मोठ्या प्रमाणावर याचे काय होते ते जगाने पाहिले आहे. दक्षिण कोरियात २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत साठवण प्रकल्पांना २३ आगी लागल्या आणि सरकारला चौकशी बसवावी लागली. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात धुमसणाऱ्या कंटेनरचे दार उघडल्यावर साचलेल्या वायूचा स्फोट झाला आणि अग्निशमनाचे जवान गंभीर जखमी झाले. १६ एप्रिल २०२१ ला बीजिंगमध्ये अशाच प्रकल्पाची आग विझवताना स्फोट झाला, दोन जवान मेले. १६ जानेवारी २०२५ ला कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगचा ३०० मेगावॉटचा प्रकल्प पेटला. आजूबाजूच्या हजारावर लोकांना घरे सोडावी लागली, महामार्ग बंद करावा लागला. तिथे बॅटऱ्या एका जुन्या वीज केंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये रचल्या होत्या. कोराडीतला एखादा जुना संच निवृत्त झाल्यावर रिकाम्या हॉलकडे बघून ‘जागा आहे, ग्रिडची जोडणी आहे, इथेच बसवू’ असे कोणाच्याही मनात येईल. ते येण्याआधी मॉस लँडिंगचे फोटो भिंतीवर लावावेत, ही माझी हात जोडून विनंती.

लिथियमवर अन्याय करून माझे म्हणणे पुढे रेटायचे नाही. आता साठवणुकीत बहुतेक लिथियम-आयर्न-फॉस्फेट वापरतात. ती जात निकेल-कोबाल्टपेक्षा बरीच शांत आहे, आणि बसवलेल्या क्षमतेच्या मानाने आगींचे प्रमाण २०१८ नंतर झपाट्याने खाली आले आहे. कंटेनर मोकळ्या जागेत, एकमेकांपासून अंतरावर ठेवायला लोक शिकले. पण बीजिंगला जे पेटले ते फॉस्फेटच होते. फॉस्फेट ज्वाळा कमी देते, तरी तापल्यावर हायड्रोजनसह ज्वलनशील वायू सोडते, आणि बंद जागेत तेवढे पुरते. शिवाय आपल्याकडे बाहेर ४६ अंश असताना सेल तीस-पस्तिसाच्या आत ठेवायला कंटेनरचा एसी अखंड चालावा लागतो. म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्याचा जीव विजेवर चालणाऱ्या एसीवर टांगलेला. नवतपात एसीचा काँप्रेसर बसतो तेव्हा मेकॅनिक चौथ्या दिवशी येतो, हे आपण घरी दरवर्षी अनुभवतो.

मग पर्याय काय? पर्याय पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची खोड वेगळी आहे. ‘लिथियम नको, दुसरे घ्या’ असे सरसकट म्हणणारा माणूस बॅटरी रूममध्ये कधी राहिलेला नसतो.

व्हॅनेडियमची रेडॉक्स फ्लो बॅटरी घ्या. ऑस्ट्रेलियात मारिया स्कायलास-काझाकोस यांनी ती १९८० च्या दशकात उभी केली. दोन टाक्यांत व्हॅनेडियमचे आम्लयुक्त पाणी, मध्ये पडदा असलेली चूल, आणि पंप. विजेची क्षमता चुलीच्या आकारावर, साठवण टाक्यांच्या आकारावर. द्रावण पाण्याचे असल्याने पेटत नाही, हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज झाले तरी थकत नाही. चीनमधल्या डालियनला २०२२ मध्ये १०० मेगावॉट, ४०० मेगावॉट-तासांचा प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे एनटीपीसीच्या ग्रेटर नोएडातल्या नेत्रा संशोधन केंद्रात नोव्हेंबर २०२५ मध्ये ३ मेगावॉट-तासांची बॅटरी बसली. हे वाचून मला फार आनंद झाला, आणि लगेच एक शंका आली. नेहमीच्या सल्फेट द्रावणात चार्ज झालेले व्हॅनेडियम साधारण ४० अंशांच्या वर गेले की गाळ होऊन खाली बसू लागते, नळ्या चोंदतात. ४० अंश! आपल्याकडे ते एप्रिलमध्येच सावलीत होतात. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने सल्फेटबरोबर क्लोराइड मिसळून ही मर्यादा ५० अंशांपर्यंत नेली आहे. तेव्हा नागपूरला व्हॅनेडियम चालेल का, या प्रश्नाचे उत्तर कुठले द्रावण घेता यावर आहे. निविदेत नुसते ‘फ्लो बॅटरी’ लिहून ते कळणार नाही.

सोडियम-आयनची सध्या सगळीकडे चर्चा आहे. रचना लिथियमसारखीच, धातू मिठातला. लिथियम आपल्याला जवळजवळ सगळे बाहेरून आणावे लागते, मीठ मात्र गुजरातच्या किनाऱ्यावर वाळत पडलेले असते. एकाच वजनात वीज कमी मावते, पण जमिनीवर ठेवलेल्या डब्याला वजनाचे काय? ती शून्य व्होल्टपर्यंत रिकामी करून ट्रकने नेता येते. वाहतुकीत कोणी अपघाताने जळू नये असे वाटणाऱ्याला याचे मोल कळेल. चीनमध्ये २०२४ मध्ये गुआंगशी प्रांतात १० मेगावॉट-तासांचा आणि पाठोपाठ हुबेई प्रांतात ५० मेगावॉट, १०० मेगावॉट-तासांचा सोडियम प्रकल्प सुरू झाला. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तिथल्याच आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांबरोबर डिसेंबर २०२३ मध्ये आपले सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केले. महाराष्ट्रात हे होते आहे, याचा अभिमान आहे. तरी खरे सांगायला हवे: बहुतेक सोडियम-आयनमध्ये द्रावण अजूनही तेच, पेट घेणारे सेंद्रिय. ती लिथियमइतकी अवखळ नसेल, पण अग्निरोधक म्हणून विकली गेली तर ती फसवणूक होईल. आणि धंदा म्हणून ती अजून कोवळी आहे. ती बनवणारी अमेरिकेतली नॅट्रॉन एनर्जी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली.

लोह-हवा बॅटरीत लोखंड गंजते तेव्हा वीज मिळते, वीज दिली की गंज पुन्हा लोखंड होतो. अमेरिकेतली फॉर्म एनर्जी शंभर तास पुरणारी अशी बॅटरी मिनेसोटात उभारते आहे. घातलेल्या विजेतली निम्म्याहून अधिक वाया जाते, म्हणून रोजच्या संध्याकाळसाठी ती परवडणार नाही. पण श्रावणात झडी लागते, चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा दोन तासांची लिथियम काय करणार?

उष्णतेला सर्वांत बेफिकीर म्हणजे सोडियम-गंधक. ती मुळातच तीनशे अंशांवर चालते, बाहेर ४६ असो की २६, तिला फरक नाही. अबूधाबीने २०१९ मध्ये १०८ मेगावॉट, ६४८ मेगावॉट-तास एवढी ती बसवली, ती काही उगाच नाही. पण जपानमध्ये सप्टेंबर २०११ ला त्सुकुबा इथे ती पेटली तेव्हा आग पूर्ण विझायला दोन आठवडे लागले. वितळलेले सोडियम आहे, पाणी मारता येत नाही.

आणि मग जस्त-मँगनीज. हिच्याबद्दल मला थोडे जास्त बोलायचे आहे, कारण ही आपल्या घरची आहे.

टॉर्चचा सेल म्हणजे जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड. द्रावण पाण्याचे. लहानपणी आम्ही संपलेले सेल फोडून मधली कांडी काढायचो आणि भिंतीवर रेघोट्या ओढायचो. कांडीभोवतीचे काळे भुकटे म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. हा सेल पेटत नाही, पण पुन्हा चार्जही होत नाही. वारंवार चार्ज केला तर जस्ताला काटे फुटतात, मँगनीज द्रावणात विरघळून निसटते. गेल्या काही वर्षांत जगभर यावर जोरात काम चालू आहे. पाण्याच्या द्रावणातली, पुन्हा चार्ज होणारी जस्त-मँगनीज बॅटरी बनली आहे, न्यूयॉर्कची अर्बन इलेक्ट्रिक पॉवर ती विकते. आयुष्य आणि किंमत यांचे गणित अजून पूर्ण सुटायचे आहे. जस्त-ब्रोमाइनचाही एक मार्ग आहे, पण ब्रोमाइनची वाफ विषारी आणि त्यातली ऑस्ट्रेलियन कंपनी रेडफ्लो २०२४ मध्ये बुडाली, म्हणून त्यावर मी भर देत नाही.

आता मँगनीज कुठले? मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालय आपल्या नागपुरात. खाणी गुमगाव, कांद्री, मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग, बालाघाट. डोंगरी बुजुर्गला मॉइल इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइड बनवते, म्हणजे थेट बॅटरीला लागणारी जात. शंभराहून अधिक वर्षे हे मँगनीज या मातीतून निघते आहे आणि बहुतेक पोलादाच्या भट्टीत जाते. मॉइलच्या प्रमुखांना माझी विनंती आहे की त्यातले थोडे, अगदी थोडे, या शहरातल्या प्रयोगशाळांना हक्काने मिळू द्या. चार किलोच्या नमुन्यासाठी विद्यार्थ्याला चार महिने पत्रव्यवहार करावा लागू नये. सोडियम-आयनच्या काही चांगल्या जातींतही मँगनीज लागते, म्हणजे हे दोन्हीकडे कामाचे.

मँगनीजची मोजदाद सुरू केली की नागपूरची यादी थांबतच नाही. वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. लिथियमच्या सेलमध्ये एका इलेक्ट्रोडला तांब्याची फॉइल लागते. सोडियममध्ये दोन्हीकडे ॲल्युमिनियमची चालते, कारण सोडियम ॲल्युमिनियमशी मिसळत नाही. सेलसाठी लागणारी शुद्ध, पातळ फॉइल देशात कशी बनेल हे या केंद्राने सांगावे. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना मागे राहणाऱ्या गाळातून व्हॅनेडियम मिळते, तो विषयही त्यांच्याच अंगणातला. लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ पासून रसायनाचे अभियंते घडवते, व्हीएनआयटी १९६० पासून विजेचे. सोडियम-आयनच्या दुसऱ्या इलेक्ट्रोडला हार्ड कार्बन लागतो आणि तो नारळाच्या करवंट्यांसारखा जैविक कचरा जाळून-भाजून बनवतात. आपल्याकडे दरवर्षी कापूस वेचून झाल्यावर शेतकरी पऱ्हाटी बांधावर पेटवून देतो. पऱ्हाटीचा, तुराटीचा कार्बन या कामी येईल का? आला तर किती राख, किती क्षमता? हे एखाद्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे काम आहे आणि उत्तर काहीही आले तरी ते यवतमाळच्या शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहे.

पण मुख्य मागणी दुसरीच आहे, आणि त्यासाठीच सर्वांना एका पत्रात घातले आहे.

देशाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे. स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या पेसोचे मुख्यालय नागपुरात आहे. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी नागपुरात आहे. केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेचे औष्णिक संशोधन केंद्र कोराडीला आहे. आग, स्फोट, हवा आणि वीज या चारही गोष्टींचे जाणकार पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत बसतात. आणि ४६ अंशांची हवा तर आपल्याकडे फुकट आहे. एवढे एकत्र मला दुसऱ्या कोणत्याही शहरात दिसत नाही.

तुम्ही मिळून एक चाचणी मैदान उभे करा. वस्तीपासून दूर, मोकळ्या जागेवर, पाच-सहा लहान कंटेनर: एक लिथियम-आयर्न-फॉस्फेट, तुलनेसाठी, एक व्हॅनेडियम फ्लो, एक सोडियम-आयन, एक जस्त-मँगनीज, एक जुने शिसे-आम्ल, कारण त्याचे वागणे आपल्याला पाठ आहे. प्रत्येकी शंभर-दोनशे किलोवॉट-तास पुरेत. रोज दुपारी भरायचे, रात्री रिकामे करायचे, दोन उन्हाळे आणि मधला पावसाळा. मोजायचे काय, तर क्षमता किती घटली, एसीने आणि पंपांनी स्वतः किती वीज खाल्ली, किती वेळा दुरुस्तीला माणूस बोलवावा लागला आणि तो किती दिवसांनी आला. हा शेवटचा आकडा प्रयोगशाळेच्या अहवालांत मला कधी दिसलेला नाही. उपकेंद्रात मात्र सर्वांत आधी तोच विचारला जातो.

त्यानंतर प्रत्येक जातीचा एक डबा मुद्दाम बिघडवायचा. अतिचार्ज करायचा, तापवायचा, खिळा ठोकायचा. जगात यासाठी यूएल ९५४०ए नावाची चाचणीपद्धत आहेच. ती नवतपाच्या हवेत करा. पेसोने स्फोटाचा दाब मोजावा, नीरीने धूर आणि विझवण्याचे वाहून जाणारे पाणी तपासावे, आणि हे सगळे अग्निशमन महाविद्यालयाच्या प्रशिक्षणार्थींच्या डोळ्यांदेखत व्हावे. तिथे देशभरातून अधिकारी शिकायला येतात. ॲरिझोनात ज्यांनी दार उघडले त्यांनी ते नेमके केव्हा उघडू नये हे आधी कुठे पाहिलेले नव्हते. आपल्या माणसांना ते नागपुरात, सुरक्षित अंतरावरून बघायला मिळावे. माझ्या दृष्टीने या मैदानाचा सर्वांत मोठा फायदा हाच, आणि तो कोणती बॅटरी जिंकली यावर मुळीच अवलंबून नाही.

सर्व आकडे मराठीत आणि हिंदीत जसेच्या तसे छापावेत. कंपन्यांना आवडोत वा न आवडोत.

महानिर्मिती आणि महावितरणच्या प्रमुखांकडे आणखी दोन मागण्या आहेत. विदर्भात बसणाऱ्या कोणत्याही साठवण प्रकल्पाच्या निविदेत हमीची क्षमता, आयुष्य आणि स्वतःचा वीजवापर हे बाहेरच्या ४७ अंशांवर मागा, पंचवीसवर नको. आणि दर मोठ्या निविदेतला छोटा वाटा, पाच टक्के म्हणा, बिगर-लिथियम तंत्रांसाठी राखून ठेवा. केंद्राच्या १८,१०० कोटींच्या बॅटरी प्रोत्साहन योजनेत ५० गिगावॉट-तासांच्या जोडीला ५ गिगावॉट-तास विशेष तंत्रांसाठी ठेवलेच होते, म्हणजे हा विचार नवा नाही.

यावर मला पैशाचे उत्तर मिळेल, हे ठाऊक आहे. २०२२ मध्ये साठवणुकीच्या निविदेत महिन्याला दर मेगावॉटमागे १०.८३ लाख रुपयांचा दर निघाला होता; २०२५ च्या पूर्वार्धात तो सव्वादोन लाखांच्या आसपास आला. ही घसरण लिथियमने दिली, आणि त्याच्याशी नवी बॅटरी आज बरोबरी करू शकत नाही. मान्य. पण तो दर काढताना नागपूरच्या मे महिन्यातला एसीचा खर्च किती धरला, आठव्या वर्षी सेल बदलावे लागले तर कोण देणार, आणि विम्याचा हप्ता किती, हे कोणी दाखवले आहे का? दोन उन्हाळ्यांच्या मोजमापानंतर लिथियम-आयर्न-फॉस्फेटच इथे सर्वांत बरी ठरली, तर मी ते जाहीरपणे मान्य करीन, आणि ती कोणत्या अंतरावर, कोणत्या सावलीखाली ठेवायची हे आपल्याला नक्की कळलेले असेल.

निवृत्त होताना मी उपकेंद्रातून एकच वस्तू मागून घेतली. बॅटरी रूमची जुनी रीडिंगची वही, जी नवी आल्यावर रद्दीत जाणार होती. तीत एकोणीस वर्षांच्या उन्हाळ्यांची नोंद आहे: तारीख, खोलीचे तापमान, पायलट सेलची घनता, घातलेले पाणी, आणि शेरा. काही पाने आम्लाने पिवळी पडून तुटली आहेत, पण आकडे वाचता येतात. नागपूरच्या उन्हात बॅटरी कशी म्हातारी होते याची एवढी लांब नोंद कोणाच्या कामी येणार असेल, तर ज्या दिवशी तुम्ही सगळे एका टेबलाभोवती बसाल त्या दिवशी बोलवा. वही घेऊन येतो.

आपला नम्र,
उपकेंद्रातील एक निवृत्त ऑपरेटर
नागपूर